बडोद्यातील नव्या स्वतंत्र कलावंतांचे सिंगल्स : काय ऐकले, काय खटकले, काय मनात राहिले

सूरसागर

नमस्कार. गेल्या काही महिन्यांत आपल्या शहरातील तरुण कलावंतांनी, कोणत्याही मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय, बरेच सिंगल्स, म्हणजे सुटी एकेकटी गाणी, प्रकाशित केले आहेत. त्यांत ख्याल आहे, मराठी भावगीत आहे, तीन भाषांतला रॅप आहे, नवरात्रासाठी केलेले गरबे आहेत आणि मेटलसुद्धा आहे. समाजमाध्यमांवर या गाण्यांखाली 'अप्रतिम', 'जबरदस्त' एवढेच लिहिले जाते. ते प्रेमानेच लिहिलेले असते, परंतु त्यातून गाणाऱ्याला पुढच्या गाण्यासाठी काहीही हाती लागत नाही. म्हणून हा धागा काढला आहे. गाणे किमान दोनदा पूर्ण ऐकून, काय ऐकू आले ते नेमकेपणाने लिहावे, अशी विनंती आहे. गाण्यांचे दुवे आणि कलावंतांची नावे वेगळ्या धाग्यावर आहेतच. येथे उणिवांचीही चर्चा होणार असल्यामुळे आणि ही मंडळी अजून शिकत असल्यामुळे नावे घेऊ नयेत.

सुरुवात मीच करतो. पहिले गाणे मारुबिहाग रागातील ख्यालाचे आहे. गायिकेचा आवाज तयार आहे, तीव्र मध्यमावरचा ठहराव सुंदर आहे. पण साडेतीन मिनिटांच्या या मुद्रणात जवळजवळ अर्धा वेळ आलापात जातो, मग विलंबित (संथ) एकतालाची दोन आवर्तने होतात आणि तिसऱ्या आवर्तनात समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच आवाज हळूहळू मावळत नेऊन गाणे संपवले आहे. मोठ्या मैफलीच्या सुरुवातीचा एक तुकडा कापून हाती दिल्यासारखे वाटते. त्याला पूर्ण गाणे म्हणता येत नाही.

तीन मिनिटांची मर्यादा हिंदुस्थानी संगीताला नवी नाही. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हापासून कित्येक दशके गायकांना एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत होती. आपल्या शहराचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. मौलाबक्ष यांनी 1886 साली सयाजीरावांच्या आश्रयाने येथे गायनशाळा सुरू केली. त्यांचे नातू इनायत खाँ यांचा जन्म 1882 साली बडोद्यातच झाला आणि त्यांचे गायन 1909 साली ध्वनिमुद्रित झाले. फैयाज खाँ तर येथले दरबारगायक होते आणि 1950 साली त्यांनी येथेच देह ठेवला. त्यांची नटबिहागाची ध्वनिमुद्रिका ऐकावी. तेवढ्याशा वेळात राग उभा राहतो, बंदिशीचे बोल खेळवले जातात, लयकारी होते, आणि शेवटी काही राहून गेले असे वाटत नाही. त्या पिढीने मोठ्या ख्यालाची पहिली तीन मिनिटे गाऊन दाखवली नाहीत. तीन मिनिटांची एक स्वतंत्र रचनाच घडवली. आजच्या ख्यालगायकांनी सिंगल काढताना हा अभ्यास करावा, असे मला मनापासून वाटते.

दुसरे गाणे एका मराठी भावगीताचे आहे. गिटार, पेटी आणि तबला एवढाच साज. दुसऱ्या अंतऱ्यात तबला पूर्ण थांबतो आणि चार ओळी केवळ गिटारवर गायल्या जातात. गिटारच्या तारेवरून बोट सरकताना होणारा बारीक आवाज तेथे ऐकू येतो आणि तो पुसून टाकलेला नाही. त्या चार ओळींत गायिका प्रत्येक शब्दाचा शेवट सांभाळते. 'ळ' आणि 'ण' स्वच्छ येतात. मला हे गाणे या सर्वांत अधिक पूर्ण वाटले.

जुनी गायनशाळा

सूरसागर, धागा काढल्याबद्दल आभार. मारुबिहागाच्या शेवटाबद्दल आपण लिहिले ते योग्यच आहे. समेवर न येता गाणे संपवणे हे आमच्या कानांना सोसवत नाही. पण तुलनेतील एक मुद्दा मला पटला नाही.

फैयाज खाँ किंवा अब्दुल करीम खाँ यांनी ध्वनिमुद्रिकेसाठी गायले तेव्हा त्यांच्यामागे वर्षानुवर्षांच्या मैफली होत्या. तास-दीड तास राग मांडणाऱ्या गवयाने त्यातले सार काढून तीन मिनिटांत ठेवले. आज गोष्ट उलटी झाली आहे. विद्यार्थ्याने चार लोकांसमोर अर्धा तास राग मांडण्याआधीच त्याचा सिंगल बाहेर येतो. सार काढायला आधी ऐवज असावा लागतो. मी अनेक वर्षे शिकवत आहे आणि हल्ली विद्यार्थी 'सिंगलसाठी एखादी बंदिश सांगा' असे विचारतात, तेव्हा त्यांचा उत्साह मोडू नये हेही मला कळते. म्हणून मी त्यांना मध्यलयीची बंदिश देतो, झपतालातील किंवा मध्यलय तीनतालातील, आणि सांगतो की आधी ती तीन महिने गा, चार ठिकाणी गा, मग माइकसमोर उभे राहा.

दुसरे असे की तीन मिनिटांचे बंधन तेव्हा तबकडीचे होते. आज तबकडी नाही. स्पॉटिफायसारख्या सेवांवर गाणी पोहोचवणाऱ्या वितरकांच्या नियमांनुसार साधारणपणे दहा मिनिटांच्या आतले गाणे सिंगल म्हणून प्रकाशित करता येते. मग नऊ मिनिटांचा ख्याल का काढू नये? श्रोता कंटाळेल या धास्तीने रागच आखडून घ्यायचा, हे मला मान्य नाही. ज्याला राग ऐकायचा आहे तो नऊ मिनिटे बसतो. ज्याला ऐकायचा नाही तो तीन मिनिटेही बसत नाही.

या शहराने 1916 साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली होती. रागांच्या स्वरूपावर विद्वान आणि उस्ताद समोरासमोर बसून बोलले ते येथे. तेव्हा आपण आज सिंगलच्या लांबीवर वाद घालतो आहोत, हे मी चांगलेच लक्षण मानतो.

ध्वनिमुद्रक

मी घरच्याच एका खोलीत नव्या मुलांची ध्वनिमुद्रणे करतो, त्यामुळे वर उल्लेख झालेल्या गाण्यांपैकी एकाशी माझा संबंध आहे. कोणत्या ते सांगत नाही. सर्वसाधारण निरीक्षणे लिहितो, कारण ती कोणत्याही प्रकारच्या संगीताला लागू पडतील.

पहिली गोष्ट तानपुऱ्याची. बहुतेक मुले इलेक्ट्रॉनिक तानपुरा विजेला जोडून वापरतात. आपल्याकडच्या विजेचा 50 हर्ट्झचा गुणगुणाट त्या तारेतून मुद्रणात उतरतो. मुद्रण करताना तो लक्षात येत नाही, कारण खर्जाच्या सुरात तो मिसळून जातो. पण गायिकेने श्वास घेतला आणि तानपुरा जरा मागे गेला की तो उघडा पडतो. उपाय अगदी सोपा आहे. तानपुरा बॅटरीवर चालवावा. शक्य असेल तर खरा तानपुरा लावून त्याचे वेगळे मुद्रण करावे.

दुसरी गोष्ट सुराची. गिटार आणि ट्यूनर 440 हर्ट्झच्या प्रमाणावर बसवलेले असतात. घरची जुनी पेटी त्या प्रमाणावर असेलच असे नाही. सूरसागर यांना आवडलेल्या भावगीतासारख्या साजात हा प्रश्न हमखास येतो. अशा वेळी गिटार पेटीशी मिळवून घ्यावी. पेटीचे मुद्रण नंतर संगणकावर ओढून-ताणून जुळवू नये, कारण पेटीच्या आवाजातला जिवंतपणा त्यात जातो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आवाजाच्या पातळीची. प्रत्येक नवा कलावंत मला सांगतो, 'काका, इतरांच्या गाण्याइतका मोठा आवाज करून द्या.' स्पॉटिफायसारख्या सेवा सर्व गाण्यांची पातळी स्वतःच एकसारखी करतात. त्यांचे सर्वसाधारण प्रमाण उणे 14 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) आहे. म्हणजे आपण गाणे दाबून दाबून कितीही मोठे केले, तरी ऐकवताना ते खाली आणले जाते आणि दाबण्यात गेलेला चढउतार मात्र परत मिळत नाही. ख्यालात आणि गझलेत हा चढउतार हाच प्राण असतो. मेटलवाल्यांनीही याचा विचार करावा, कारण शांत जागा शिल्लक असेल तरच आघात जाणवतो.

एक सूचना श्रोत्यांसाठी. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर डग्ग्याचा खर्ज जवळजवळ ऐकू येत नाही. 'तबला फारच किणकिणतो' असे लिहिण्याआधी गाणे एकदा हेडफोनवर ऐकावे.

संगतकार

मी तबला वाजवतो. गेल्या वर्षभरात शहरातल्या बऱ्याच नव्या सिंगल्ससाठी वाजवला आहे. या धाग्यावर गायकाबद्दल, रागाबद्दल आणि मुद्रणाबद्दल चांगले लिहिले गेले आहे. मला एका वेगळ्या गोष्टीबद्दल लिहायचे आहे, आणि मी ती गांभीर्याने मांडत आहे.

वाजवलेली गाणी प्रकाशित झाल्यावर मी ती उघडून पाहतो. गायकाचे नाव असते. संगीतसंयोजकाचे असते. काही वेळा चित्रफितीसाठी ज्याच्या गच्चीवर चित्रीकरण झाले त्याचेही आभार असतात. तबला, पेटी, बासरी, सारंगी कोणी वाजवली हे मात्र पुष्कळदा कोठेही नसते. अलीकडेच एका सिंगलमध्ये सारंगीवर पूर्ण अंतरा होता, शब्द नाहीत, केवळ सारंगी, आणि तिच्या वादकाचे नाव नव्हते. मी विचारले तेव्हा 'जागा नव्हती' असे उत्तर मिळाले. वितरकाच्या अर्जात प्रत्येक वादकासाठी स्वतंत्र रकाना असतो. तो भरायला पाच मिनिटे लागतात.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. 1957 च्या प्रताधिकार कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली आणि कलम 38 ब नुसार कलावंताला, त्यात वादकही आला, आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क मिळाला. वापराच्या स्वरूपामुळेच नाव देणे शक्य नसेल तेवढाच त्याला अपवाद आहे. सिंगलच्या बाबतीत तशी कोणतीच अडचण नसते.

सूरसागर यांनी गौहरजान यांचा उल्लेख केला आहे. त्या ध्वनिमुद्रिकांच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारत, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तेथल्या कामगारांना कोणाचा आवाज कोणता हे कळावे लागे. साथीला कोण होते हे त्यांतल्या बहुतेक तबकड्यांवर नाही, आणि त्या वादकांची नावे आज आपल्याला मिळत नाहीत. ती चूक पुन्हा करण्याचे आता काहीही कारण नाही.

संगतीबद्दल एक तक्रार संगीताच्या अंगाने. बऱ्याच गाण्यांत गायक आधी यंत्राच्या एकसारख्या ठोक्यावर गातो आणि मला मागाहून फाइल पाठवतो. मी घरी बसून तबला वाजवून परत पाठवतो. गरब्याला, रॅपला हे चालते. ख्यालाला चालत नाही. समेच्या आधी गायक किंचित रेंगाळतो, तबलजी त्याच्याबरोबर रेंगाळतो आणि दोघे एकदम समेवर येतात, तो क्षण ठोक्यावर वाजवून मिळत नाही. जागा लहान असली तरी दोघांनी एकत्र बसून गावे-वाजवावे. थोडा तबला गायकाच्या माइकमध्ये आला तर येऊ द्यावा.

कोरा कॅनव्हास

मी ललितकला शाखेत शिकते. गाण्याबद्दल अधिकाराने लिहू शकत नाही, पण सिंगल्सच्या मुखचित्रांबद्दल लिहावेसे वाटते, कारण श्रोता सर्वांत आधी तेच पाहतो. मोबाइलवर ते चित्र नखाएवढे दिसते. त्यात गायिकेचे छायाचित्र, लक्ष्मी विलास राजवाडा, वीणा, चंद्र आणि नाव एवढे सगळे कोंबले की काहीच दिसत नाही. आमच्याकडे छापचित्रकलेचे विद्यार्थी आहेत. त्यांच्याकडून एखादा लिनोकट (लिनोलियमवर कोरून काढलेला छाप) करून घेतला तर दोन रंगांतही ते चित्र उठून दिसेल. आणि संगतकार, आपण सांगितलेल्या रकान्यांत चित्रकाराचेही नाव लिहावे, एवढी विनंती आपल्या मागणीला मी जोडते.

रावपुरा

रॅपबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. यादीतल्या तीन भाषांच्या सिंगलबद्दल बोलत आहे, ज्यात मुलगा घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि महाविद्यालयात हिंदी बोलतो आणि तसाच गातो.

अशा गाण्यांत बहुधा दाखवण्यापुरती भाषा बदलते. एक कडवे मराठीत, एक गुजरातीत, म्हणजे दोन्हीकडचे श्रोते मिळाले. या गाण्यात तसे नाही. आईशी फोनवर झालेले बोलणे मराठीत आहे आणि त्यात क्रियापदे आपल्या घरात येतात तशीच येतात. 'जाऊन राहिलो' असे तो म्हणतो, पुण्याच्या गाण्यांची भाषा उसनी घेत नाही. रिक्षावाल्याशी झालेली घासाघीस गुजरातीत आहे. आणि भाषा बदलते तेथे लयही बदलते. मराठी ओळींत तो शब्द ठोक्याच्या किंचित मागे ठेवतो, गुजराती ओळींत पुढे. हे त्याने जाणूनबुजून केले असेल किंवा नसेल, पण ऐकताना बोलणारा माणूस वळून दुसऱ्याशी बोलू लागला आहे हे शब्द न समजताही कळते.

खटकले ते असे. पार्श्वभूमीची सुरावट तयार मिळणाऱ्या संग्रहातून घेतलेली आहे आणि तीच मी दुसऱ्या शहरांतल्या गाण्यांतही ऐकली आहे. परवाना घेऊन वापरली असेल तर कायद्याने काही चूक नाही. परंतु इतके स्वतःचे शब्द असलेल्या मुलाला परक्या सुरावटीवर उभे राहावे लागू नये. याच शहरात सारंगी, शहनाई, ढोल, पेटी वाजवणारे लोक आहेत. संगतकार यांच्यासारख्या कोणाशी त्याची गाठ पडली तर पुढचे गाणे फार वेगळे होईल.

जुनी गायनशाळा यांना एक प्रश्न आहे. रॅप करणाऱ्या मुलाने तालाचे शिक्षण घ्यायचे ठरवले तर तो कोठून सुरुवात करील? त्याला गायचे नाही, त्याला बोल म्हणायचे आहेत.

जुनी गायनशाळा

रावपुरा, तबल्याच्या पढंतपासून, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्यापासून. कायदे, म्हणजे तबल्याच्या ठरावीक रचना, हातावर ताल धरून तोंडाने म्हणावेत. आधी ठाय (मूळ लय), मग दुगुन, मग तिगुन. तिगुनीवर मुले अडखळतात आणि तेथेच त्यांना लय कळू लागते. त्या मुलाला माझ्याकडे जरूर पाठवा.

हींच

गरब्याच्या सिंगल्सबद्दल. नवरात्राच्या आधीचे दोन महिने आपल्या शहरात जे घडते ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. 2023 च्या डिसेंबरात युनेस्कोने गरब्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यानंतर तर प्रत्येक नव्या गायकाला आपला गरबा हवा आहे. मी मराठी घरातली असले तरी लहानपणापासून गरबा गात आले आहे, म्हणून मला हे गुजराती संगीत परके वाटत नाही.

यंदाच्या गाण्यांत एक चांगला बदल दिसतो. मागे बहुतेक गाणी पहिल्या ठोक्यापासूनच पूर्ण वेगात सुरू होत. या वेळी दोन सिंगल्समध्ये हींच (गरब्याचा ताल) संथ सुरू होते, सहा मात्रांचा झोका अंगात भिनतो, मग टाळ्या येतात आणि शेवटच्या मिनिटात लय चढते. मैदानावरचा गरबा असाच चढतो, फक्त तेथे त्याला अर्धा तास मिळतो. एका गाण्यात ढोलाच्या ऐवजी केवळ तांब्याच्या घड्यावर अंगठीने ताल धरला आहे. घरातल्या स्त्रिया गोल बसून गात तो आवाज मी फार वर्षांनी ऐकला. त्या गाण्याची गायिका पट्टीही स्त्रियांना एकत्र गाता येईल अशी ठेवते. तिने स्वतःचा वरचा षड्ज दाखवण्याचा मोह टाळला आहे.

नव्या मुलांनी कायद्याची एक बाजू समजून घ्यावी. गुजराती कवी दयाराम यांच्या गरब्या एकोणिसाव्या शतकातल्या आहेत, त्या कोणालाही गाता येतात; डभोईसारख्या आपल्या शेजारच्या गावी ते राहिले, हेही लक्षात असावे. परंतु पुष्कळ लोकप्रिय गरबे 'पारंपरिक' म्हणून गायले जातात आणि प्रत्यक्षात त्यांचे कवी-संगीतकार अलीकडचे असतात. भारतीय कायद्यात कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क टिकतो. अशा गाण्याची नवी आवृत्ती काढायची तर कलम 31 क आहे, पण मूळ ध्वनिमुद्रण झालेले वर्ष संपल्यानंतर पाच वर्षे जावी लागतात, आधी सूचना द्यावी लागते आणि दर वर्षी किमान 50,000 प्रतींचे स्वामित्वशुल्क भरावे लागते. घरून गाणे काढणाऱ्या मुलीला ते परवडणारे नाही. त्यापेक्षा नवे शब्द लिहून घ्यावेत. आपल्याकडे लिहिणारे आहेत.

रावपुरा

पैशाचा विषय निघालाच आहे तर थोडे लिहितो, कारण मुलांच्या मनात फार चुकीच्या अपेक्षा असतात. स्पॉटिफाय भारतात 2019 च्या फेब्रुवारीत आले. तेथे गाणे 30 सेकंद ऐकले गेले तरच एक श्रवण मोजले जाते. 2024 पासून त्यांचा नियम असा आहे की आधीच्या बारा महिन्यांत एखादे गाणे किमान 1,000 वेळा ऐकले गेले नसेल, तर त्या ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. म्हणजे सिंगल हे उत्पन्नाचे साधन नाही असे धरूनच चालावे. ज्याने स्वतः शब्द किंवा चाल केली आहे त्याने आयपीआरएसचे सदस्य व्हावे. ही संस्था 1969 पासून आहे आणि कवी-संगीतकारांचे मानधन गोळा करते. गाणे प्रत्यक्ष कार्यक्रमात, रेडिओवर वाजले तरी त्याचा हिशेब तेथे होतो.

या 30 सेकंदांच्या नियमाचा परिणाम रचनेवर दिसू लागला आहे. एका गझलेत मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, आधीचे संगीत जवळजवळ काढूनच टाकले आहे. गझल ऐकणाऱ्याला शब्दांची वाट पाहायला आवडते. ती वाट काढून घेतल्यावर मतला आला तरी तो येऊन पोहोचल्यासारखा वाटत नाही.

अकोट्याची श्रोती

माझे वय साठीच्या पुढे आहे आणि मी नाट्यसंगीतावर वाढले. तरीही मेटलबद्दल मलाच लिहावे लागत आहे, कारण माझ्या बहिणीचा नातू त्या बँडमध्ये आहे आणि येथे अजून कोणी त्या गाण्याबद्दल लिहिले नाही.

पहिल्यांदा ऐकताना मला फक्त गोंगाट ऐकू आला. सूरसागर यांनी दोनदा ऐकायला सांगितले होते म्हणून पुन्हा ऐकले, आणि या वेळी मी हातावर मात्रा मोजत होते. मुख्य गिटारचा तुकडा सात मात्रांचा आहे. रूपकासारखा तीन-दोन-दोन नाही, चार आणि तीन असा त्याचा विभाग पडतो. वरती ढोल मात्र आठ मात्रांत चालू राहतात. दोन्ही चक्रे एकमेकांवरून सरकत जातात आणि छप्पन्न मात्रांनी एकत्र येतात, त्या ठिकाणी गायक पहिल्यांदा ओरडतो. ते समजल्यावर तो ओरडण्याचा क्षण मला तिहाईनंतरच्या, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन येणाऱ्या, समेसारखा वाटला. मी नातवाला विचारले तेव्हा त्याने सांगितले की हे त्यांनी वहीत मांडून बसवले आहे. त्या मुलांनी केलेले कष्ट मला दिसले आणि मला फार आनंद झाला.

माझी एकच अडचण आहे. शब्द मराठी आहेत असे मला सांगण्यात आले, परंतु मला त्यातला एकही कळला नाही. त्यांनी ते गाण्यासोबत लिहून द्यावेत आणि देवनागरीत द्यावेत. रोमन लिपीत लिहिलेले मराठी मला वाचता येत नाही, आणि जे वाचतात तेही 'ल' की 'ळ', 'न' की 'ण' यात चुकतात. नातवाने शब्द मला कागदावर लिहून दिले. ते विश्वामित्री नदीच्या पुराबद्दल आहेत. पाणी घरात येताना सामान माळ्यावर चढवणाऱ्या एका कुटुंबाबद्दल. इतके चांगले शब्द कोणालाच कळू नयेत हे बरे नाही.

सूरसागर

अकोट्याची श्रोती, आपला प्रतिसाद मी त्या बँडला पाठवला आहे. ते शब्द देवनागरीत जोडणार आहेत. जुनी गायनशाळा यांच्या मुद्द्यावर मी विचार केला. नऊ मिनिटांचा ख्याल काढावा हे मला पटते, पण तीन मिनिटांची घडीव बंदिश हीसुद्धा एक स्वतंत्र विद्या आहे आणि ती नष्ट होऊ नये, या मतावर मी ठाम आहे. मारुबिहागाच्या गायिकेने हा धागा वाचला आहे. त्याच रागातील मध्यलय तीनतालाची एक बंदिश ती संगतकारासोबत एकत्र बसून मुद्रित करणार आहे आणि शेवट समेवर करणार आहे.

संगतकार

एक उपयोगी माहिती देतो. सारंगीच्या ज्या सिंगलबद्दल मी लिहिले होते, त्या कलावंताने वादकाचे नाव आता जोडले आहे. अनेकांना वाटते की प्रकाशित झालेल्या गाण्याची माहिती बदलता येत नाही किंवा बदलली तर श्रवणांची संख्या शून्यावर येते. तसे होत नाही. ध्वनिमुद्रण तेच असेल तर त्याची ओळख पटवणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांकही तोच राहतो, आणि नावे जोडल्याने आधीची श्रवणे जात नाहीत. गाणे पुन्हा गाऊन किंवा नव्याने मिश्रण करून बदलले तरच नवा क्रमांक घ्यावा लागतो.

मात्र एक नवी अडचण निघाली. सारंगीवादकाचे नाव दोन सिंगल्समध्ये रोमन लिपीत दोन प्रकारे लिहिले गेले, एकात शेवटी एक अक्षर जास्त, त्यामुळे त्यांची दोन वेगवेगळी पाने तयार झाली आहेत आणि एकावर दिसणारी गाणी दुसऱ्यावर दिसत नाहीत. प्रत्येक वादकाने आपल्या नावाचे एकच रोमन रूप ठरवावे आणि मुद्रणाच्या दिवशीच ते कागदावर लिहून गायकाकडे द्यावे. दोन्ही पाने एकत्र करण्यासाठी वितरकाला लिहिले आहे. उत्तर आले की येथेच कळवतो.